उष्ट्या हवेचा थंडावा

बाजाराच्या मधल्या खांबावर दोन आकडे उजळलेले होते आणि दुपारी बारापासून ते दोन्ही चढत होते. निळा आकडा आतलं तापमान सांगायचा. पांढरा आकडा आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड (आपण श्वासावाटे बाहेर टाकतो तो वायू) किती साठला आहे ते सांगायचा. एकाला खाली आणायला जावं, तर दुसरा जास्तच जोरात वर जायचा. अकरा वर्षांची उत्पला रामटेके बांगड्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून हे कोडं बघत होती. ते तिला मुळीच आवडलं नव्हतं, कारण ते सोडवायची जबाबदारी तिच्या आत्यावर होती.

चंद्रपुरात त्या मे महिन्यातली ही नववी उष्माबंदी. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा रस्त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही. पत्र्याच्या घरांत राहणारी नऊशे माणसं पहाटेपासूनच या नव्या झाकलेल्या बाजारात येऊन बसली होती. त्यांत म्हातारी माणसं होती, बाळंतिणी होत्या, काम बंद पडलेले गवंडी होते. बाहेर अठ्ठेचाळीस अंश होते. आत गारवा करणारी यंत्रं होती, पण प्रत्येक इमारतीला विजेचा वाटा ठरवून दिलेला असल्यामुळे ती एका मर्यादेपलीकडे चालवता येत नव्हती.

निळा आकडा चौतिसावर गेला तर म्हाताऱ्या माणसांना तो सोसणार नव्हता. पांढऱ्याचं आणखी कठीण होतं. मोकळ्या हवेत तो पाचशेच्या आसपास असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे पाचशे भाग. दीड-दोन हजारांवर डोकं जड होतं, झापड येते. अडीच हजारांवर गेला, की नियमाप्रमाणे बाजाराची सगळी दारं आपोआप उघडणार होती. आणि दारं उघडली, की बाहेरची भट्टी आत येणार होती.

विशाखा आत्या वायुवीजनाची (इमारतीतली जुनी हवा बाहेर काढून नवी आत घेण्याच्या शास्त्राची) तज्ज्ञ होती. तिने गेल्या आठवड्यात बाजाराच्या माळ्यावर एक उष्णता-विनिमयक (दोन प्रवाहांत उष्णतेची देवघेव घडवणारं यंत्र) बसवला होता. माणूसभर उंचीच्या पेटीत शेकडो पातळ पत्रे थोड्या-थोड्या अंतरावर उभे केलेले. पंख्यांच्या जोरावर एका फटीतून बाजारातली वापरलेली पण गार हवा बाहेर जाते आणि शेजारच्या फटीतून बाहेरची ताजी पण तापलेली हवा आत येते. जाता जाता गार हवा पत्र्यातून पलीकडची उष्णता ओढून घेते आणि बाहेर घेऊन जाते.

बाजार समितीचे अध्यक्ष वासेकर काका भांड्यांचे व्यापारी. यंत्र बसवताना त्यांनी आत्याला विचारलं होतं, की म्हणजे नऊशे माणसांची उष्टी हवा आम्हालाच परत पाजता काय. आत्याने त्यांना समजावलं होतं, की भाताच्या पातेल्यावर ताट झाकलं तर ताट तापतं, पण भात काही ताटावर येत नाही. पत्रा ओलांडते ती फक्त उष्णता, हवा नाही. काकांनी मान डोलावली होती, पण त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं.

आता ते खांबाखाली उभे होते. निळा आकडा एकतीस.

"पंखे बंद करा ना जी, बाई. आग आत ओढून राहिले ते."

"पंखे बंद केले तर तासाभराच्या आत पांढरा अडीच हजारांवर जाईल आणि दारंच उघडतील, काका."

आत्याने पंख्यांचा वेग निम्मा केला आणि ती पुन्हा माळ्यावर गेली. निळा आकडा जरा थबकला. पांढरा अठराशेवरून अठराशे चाळीसवर गेला.

उत्पलाकडे नोंदवही होती. डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी नळीत) गोम फिरत होती. गोम म्हणजे हातभर लांबीचा, चाळीस पायांचा यंत्रमानव. ती आतून तापमानं कळवायची आणि उत्पला लिहून घ्यायची. यंत्रातून बत्तीस अंशांची हवा यायला हवी होती, तशी येत नव्हती. आत्याला वाटलं होतं, कुठेतरी सांधा गळतोय. म्हणून गोम दीड तास एकेक सांधा तपासत होती.

"शेवटचा सांधा पाहिला," उत्पलाच्या मनगटावरच्या पट्टीतून गोमचा आवाज आला. "गळती नाही. तुझ्या आत्याला कळवलं आहे. ती म्हणाली, पुन्हा पहिल्या सांध्यापासून बघ."

आत्या एकच गोष्ट दोनदा करायला सांगते, तेव्हा तिला पुढचं काही सुचलेलं नसतं, हे उत्पलाला माहीत होतं. तिने वही उघडली. बारा वाजता बाहेर अठ्ठेचाळीस, आत अठ्ठावीस, यंत्रातून येणारी हवा अडतीस. एक वाजता अठ्ठेचाळीस, तीस, एकोणचाळीस. दोन वाजता एकोणपन्नास, एकतीस, चाळीस.

"गोम, हे तिन्ही वेळा आत आणि बाहेरच्या बरोबर मधोमध आलंय."

"हो."

"बिघाड असता तर कधी कमी, कधी जास्त आलं असतं ना? हे मापून कापल्यासारखं आहे."

"एक गरम आणि एक गार बरोबरीने चालले, तर दोघं सारखे होईपर्यंतच देवघेव चालते. मग संपते. तो मध्य."

"मग बत्तीस येणारच कसं होतं? निम्म्याहून जास्त कुणी कुणाला देऊच शकत नाही."

"देता येतं. तुझ्याजवळ मोजण्यासारखं काही आहे का?"

समोर हजारो बांगड्या होत्या. दुकानाच्या मालकीण शेवंता काकूंनी तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता लाल बांगड्यांची एक चळत तिच्यापुढे सरकवली. "फोडू नको म्हणजे झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

एक बांगडी म्हणजे थोडी उष्णता, असं धरायचं ठरलं. गरम हवेजवळ आठ बांगड्या, गार हवेजवळ एकही नाही. दोघी शेजारी-शेजारी, एकाच दिशेने निघाल्या. वाटून घेतल्या, चार-चार झाल्या. पुढे कितीही चाललं तरी चार-चारच. हा मध्य.

"आता त्यांना समोरासमोरून येऊ दे," गोम म्हणाली. "गरम हवा डावीकडून, गार हवा उजवीकडून. वाटेत तीन थांबे. ज्या थांब्यावर ज्या भेटतील, त्यांनी सारखं वाटून घ्यायचं. यंत्र बराच वेळ चालू आहे असं धर आणि उजव्या टोकापासून सुरू कर. नुकत्याच आत शिरलेल्या गार हवेजवळ शून्य. तिला कोण भेटेल?"

"लांबून आलेली गरम हवा. तिने वाटेत पुष्कळ देऊन टाकलं असेल."

"तिच्याजवळ चार उरल्या आहेत असं समज."

चार आणि शून्य. दोन-दोन झाल्या. उत्पलाने गार हवा दोन बांगड्या घेऊन मधल्या थांब्यावर सरकवली. तिथे तिला सहा बांगड्यांची गरम हवा भेटली. सहा आणि दोन, चार-चार. मग डावीकडचा थांबा. तिथे नुकतीच आलेली, पुऱ्या आठ बांगड्यांची गरम हवा. आठ आणि चार, म्हणजे सहा-सहा.

तिने गरम हवेची वाट पुन्हा बोटाने मोजली. आठाच्या सहा, सहाच्या चार, चाराच्या दोन. आठांपैकी दोनच उरल्या. सहा पलीकडे गेल्या होत्या.

"निम्म्याहून जास्त गेल्या," ती हळूच म्हणाली. "कारण प्रत्येक थांब्यावर गार हवा समोरच्या हवेपेक्षा थोडी गारच राहते. घ्यायला जागा असतेच."

"त्याला प्रतिप्रवाह (एकमेकांच्या उलट दिशेने वाहणारे प्रवाह) म्हणतात. पेटीत तीनच थांबे नाहीत. सगळी वाट म्हणजे थांबेच थांबे. म्हणून बत्तीस."

"आणि आपल्याला मध्य मिळतोय."

उत्पला उठली आणि माळ्याच्या शिडीकडे धावली.

आत्या पेटीसमोर उकिडवी बसली होती. कपाळावरचा घाम तिने पुसलाही नव्हता. उत्पलाने धापा टाकत सांगितलं, की पेटीत दोन्ही हवा एकाच दिशेने चालल्या आहेत. आत्या म्हणाली, की आराखड्यात त्या समोरासमोरच आहेत, ती चूक होणं शक्य नाही. मग तिची नजर पेटीतून जुनी हवा बाहेर नेणाऱ्या जोडावर गेली आणि तिथेच राहिली.

"मी आराखड्याप्रमाणे जोडलंच नाही," ती म्हणाली.

जुनी हवा बाहेर टाकायचं तोंड मुळात पुढच्या भिंतीत, फाटकाजवळच्या पाणपोईच्या वर होतं. सगळ्या बाजाराची उष्टी हवा रांजणांवर सोडायची नाही, असं वासेकर काका हट्टाने म्हणाले होते. आत्याला त्यांचं मन मोडवलं नव्हतं. तिने पुढचं तोंड पत्रा ठोकून बंद केलं आणि हवा मागच्या भिंतीतून काढली. त्यासाठी पेटीवरचे जुन्या हवेचे दोन जोड, आत शिरायचा आणि बाहेर निघायचा, आपसांत बदलावे लागले होते. मापं सारखी असल्यामुळे ते सहज बसले. जुनी हवा पेटीत उलट्या टोकाने शिरायला लागली आणि ताज्या हवेच्या बरोबरीने चालायला लागली.

आत्या खाली आली आणि तिने काकांना सगळं थोडक्यात सांगितलं. चूक माझी, असंही सांगितलं. जोड पुन्हा बदलायला वीस मिनिटं लागणार होती आणि तेवढा वेळ पंखे पूर्ण बंद ठेवावे लागणार होते. पांढरा आकडा आता एकोणीसशे साठवर होता. पंखे बंद झाल्यावर तो मिनिटाला वीसने चढणार होता.

"म्हणजे अडीच हजारांपर्यंत सत्तावीस मिनिटं," उत्पला म्हणाली.

"माणसं हलली, बोलली, तर कमी," आत्या म्हणाली. " मेहनत करणारा माणूस जास्त श्वास टाकतो."

काकांनी भोंगा हातात घेतला. एरवी ते लांबण लावायचे. आज त्यांनी एवढंच सांगितलं, की वीस मिनिटं कुणी जागेवरून हलायचं नाही, बोलायचं नाही, लेकरांना मांडीवर घ्या. मग भोंगा खाली ठेवून ते आत्याकडे वळले.

"समोरचा पत्रा कोण काढणार? पेच तर बाहेरून आहेत."

आत्या म्हणाली, आधी जोड बदलते, मग मीच जाते.

"तेवढा वेळ कुठे आहे, बाई? पत्रा माझ्या म्हणण्यावरून लागला. पेचकस द्या."

त्यांनी दुपट्टा बादलीतल्या पाण्यात बुडवून डोक्याला गुंडाळला आणि बाजूच्या लहान दारातून शिडी घेऊन ते बाहेर पडले. दार क्षणभरच उघडलं, तरी उत्पलाच्या तोंडावर झळ आदळली.

पंखे थांबले. इतका वेळ त्यांचा आवाज होता, हे तो थांबल्यावर कळलं. नऊशे माणसं आणि एकही शब्द नाही. गवंडी हात मांडीवर ठेवून बसले होते. एका बाळाने कुरकुर केली, तशी त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं. दोन हजार शंभर. दोन हजार दोनशे तीस. माणसं गप्प बसल्यामुळे आकडा वीसने नाही, सतरा-अठराने चढत होता. वीस मिनिटं होत आली, तरी माळ्यावर आत्याचा पाना वाजतच होता. उत्पलाचं डोकं दुखायला लागलं होतं. दोन हजार तीनशे. काका अजून बाहेरच होते.

"तीन पेच निघाले," गोम बारीक आवाजात म्हणाली. ती पत्र्याच्या आतल्या बाजूला जाऊन बसली होती. "चौथा फिरत नाही. पेचकस सारखा घसरतोय."

उत्पलाने पट्टी तोंडाजवळ नेली. "तीन निघालेत ना? मग तू आतून ढकल. पत्रा एका पेचावर फिरेल."

चाळीस पाय पत्र्यावर खरवडल्याचा आवाज सगळ्या बाजाराने ऐकला. मग पत्रा खणकन फिरला. थोड्या वेळाने दार उघडलं. काका आत आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. तोंड लालभडक, ओठ कोरडे. शेवंता काकूंनी ओल्या फडक्याने त्यांची मान पुसली आणि घोटघोट पाणी पाजलं. त्यांनी बोट वर करून खांब दाखवला. दोन हजार चारशे पंचेचाळीस.

माळ्यावर पाना थांबला. पंखे फिरले, या वेळी पूर्ण वेगाने.

आकडा लगेच उतरला नाही. चोवीसशे सत्तर. ऐंशी. दारांवरचे दिवे पिवळे झाले. अठ्ठ्याऐंशी. मग तो तिथे थबकला, जणू विचार करतोय, आणि पंच्याऐंशी झाला.

उत्पलाला अजून निळ्या आकड्याकडे बघवत नव्हतं. पूर्ण वेगाने बाहेरची हवा आत येत होती. आत तेहतीस होते, बाहेर एकोणपन्नास. मध्य एक्केचाळीस. "गोम, आत येणारी हवा किती?"

"चाळीस," गोम म्हणाली. "एकोणचाळीस. अडतीस. थांब, पेटी अजून निवतेय. सदतीस. छत्तीस."

मध्याच्या खूप खाली. आत्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिने डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

तासाभरात निळा आकडा तेहतिसावरून एकतिसावर आला आणि पांढरा चौदाशेवर. दोन्ही एकदम उतरताना त्या दिवशी पहिल्यांदाच दिसले. माणसं पुन्हा बोलायला लागली होती. वासेकर काकांना आता बरं वाटत होतं. त्यांनी उत्पलाला जवळ बोलावून बांगड्यांचा हिशेब पुन्हा मांडायला लावला. तिसऱ्या थांब्यावर ते म्हणाले, "म्हणजे आम्ही जिला उष्टी म्हणून हाकलून राहिलो होतो, तिच्याजवळच गारवा होता."

"हो. आणि तो ती जाताना देऊन जाते."

"मग थंडीत काय करते? डिसेंबरात तिला उलटं फिरवायचं काय?"

उत्पलाने आत्याकडे बघितलं. आत्या मुद्दाम पाना पुसत बसली. उत्पलाने थोडा विचार केला आणि सांगितलं, की काहीच फिरवायचं नाही. तेव्हा आतली हवा ऊबदार असेल आणि बाहेरची गार. बांगड्या आतल्या हवेजवळ असतील, बस. ती जाताना ऊब देऊन जाईल.

सहा वाजता उष्माबंदी उठली. माणसं सतरंज्या गुंडाळून बाहेर पडली. शेवंता काकू मात्र कुलूप हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांची खोलीही पत्र्याचीच होती.

"विशाखाबाई, एवढी मोठी पेटी नको. माझ्या खोलीत मावेल अशी होते का हो?"

आत्याने सरळ सांगितलं, की ही पेटी गारवा तयार करत नाही, असलेला राखते. आधी छप्पर बदलावं लागेल, थोडा गारवा आत करावा लागेल. मग मात्र पेटी लहानशी पुरेल. खोलीतल्या दोन माणसांना कितीशी हवा लागते.

"किती लागते?" उत्पलाने विचारलं.

आत्याने वहीचं कोरं पान उघडून तिच्यापुढे धरलं. शेवंता काकू स्टुलावर पुन्हा बसल्या आणि खोलीची लांबी-रुंदी सांगायला लागल्या.