वगळायचा माणूस

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि तिच्या संशोधनाच्या प्रयोगाला नेमका एक माणूस कमी पडत होता. जोड्या पुऱ्या झाल्याशिवाय सुरुवात करता येईना. ती तडक व्हरांड्यात आली, तर समोर एक तरुण छत्री झटकत उभा! वरच्या मजल्यावर नकाशे काढायचा, एवढं त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून कळलं.

"अर्धा तास आहे तुमच्याकडे?"

"तुम्ही मागताय म्हटल्यावर... आहे की!"

प्रयोग साधाच होता. अनोळखी माणसाला 'तुला वाटा देईन' असा शब्द दिला, तर कुणी बघत नसताना माणूस तो पाळतो का? आपला अंदाज काय, हिशोब कसा करणार, कुणाला वगळणार, हे ती प्रयोगाआधीच जगाला दिसेल असं नोंदवून टाकायची. मागाहून सोयीचं तेवढं उचलायला जागाच ठेवायची नाही. म्हणून अर्थशास्त्र विभागात सगळे तिला 'नियमबाई' म्हणत.

निकाल आला. माणसं शब्द पाळतात! अगदी काठावर का होईना, अंदाज खरा ठरला. मार्गदर्शक सर खूश झाले, पदवी हाताशी आली. त्यात नकाशावाला रोज कॉफीला भेटू लागलेला, त्यामुळे नियमबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आणि एका दुपारी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"मला... तुमच्या प्रयोगातून वगळा."

"का? काय झालं?"

"काल तुमची नोंद वाचली. त्यात लिहिलंय, संशोधकाच्या ओळखीची माणसं चालणार नाहीत."

"पण तेव्हा आपली ओळख कुठं होती?"

"तुम्हाला नव्हती. मला होती." तो खाली बघत म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्ही भर सभेत हसत सांगितलंत, 'माझा अंदाज साफ चुकला.' त्या दिवसापासून... तुमच्या प्रयोगात मी शब्द मोडणार होतो होय?"

तिचे कान तापले, आणि त्याच क्षणी तो काठावरचा निकाल आठवला. हा एक आकडा काढला आणि निकाल कोलमडला, तर सगळी मेहनत पाण्यात!

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मग तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं?"

तिनं त्याचा आकडा काढला आणि हिशोब पुन्हा लावला. संगणकाच्या पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. त्यानं श्वास रोखून धरला, आणि तिनं नकळत त्याची बाही.

निकाल शाबूत होता!

"हुश्श!" दोघंही एकदम म्हणाले आणि मग हसू काही आवरेना.

"आता कारण लिहायला हवं," ती डोळे पुसत म्हणाली. "सगळ्यांना दिसेल असं. एक माणूस वगळला, कारण... काय लिहू?"

"खरं तेच. त्याचं संशोधकावर प्रेम आहे."

तिनं तसंच लिहिलं.

"आणि... संशोधकाचं?"

"त्याचा अंदाज आधी नोंदवायचा राहून गेला." ती हळूच हसली. "पण हाती आलेलं लपवायची माझी रीत नाही, कळलं का रे?"

तिनं पुढं लिहिलं, 'आणि संशोधकाचं त्याच्यावर.'

"अगं, सर वाचतील!"

"वाचू देत की," ती म्हणाली आणि तिनं 'प्रसिद्ध करा' दाबलं.