टेपचं दुसरं टोक

"माजी पोरगी कामात चुकली का, एवढंच मला सांगा. बाकी काय नगं."

शालनमावशी खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या होत्या. लोणावळ्याच्या बाजारात ठोंबरे ड्रायव्हिंग स्कूलच्या माडीवर राजेश्वरीताई शेलारांचं खासगी तपासाचं ऑफिस आहे. खाली अमृत ठोंबरे लोकांना गाडी शिकवतो आणि सवड मिळाली की वर येऊन ताईंच्या तपासात लुडबुड करतो. त्याच्या मते ती मदत असते.

"रेणुकाची आई ना तुम्ही?" ताई म्हणाल्या. "तिकोणा पेठेच्या बंद दगडखाणीत पडली ती?"

"व्हय. भाजे गावची मी."

मावशींनी थांबत थांबत सांगितलं. रेणुका जमिनी आणि इमारतींची किंमत ठरवणारी मूल्यांकक होती. होती म्हणजे, नुकतीच झाली होती. शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले झाडून-पुसून आईनं तिला इंजिनिअर केलं. मग सोपान काळोखे नावाच्या जुन्या मूल्यांककाकडे काही वर्षं उमेदवारी, जोडीला अभ्यास, मग ती अवघड परीक्षा. दिवाळीच्या तोंडावर तिची नोंदणी झाली. आता बँका तिच्या सहीवर विश्वास ठेवणार होत्या. पण सही करण्याची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही.

"पोलिस म्हनले, येकटीच मोजत व्हती, मोजता मोजता खानीत पडली. आन् जलदानाच्या दिशी काळोखे सर चारचौगांत म्हनले, पोरगी परीक्षा पास झाली पन काम शिकली न्हाई. तवापास्नं समदं गाव तेच बोलतंय." मावशींनी पदर तोंडाला लावला. "मेली ती मेली, वर अडानी ठरली."

"तुम्ही तिला पाहिलंत?"

"पायलं की. टेपची कडी बोटात तशीच व्हती. मला आंदी आंगठीच वाटली."

अमृत खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. असल्या वेळी त्याला दुसरं काही सुचत नाही.

काळोखे सापडले तुंगार्लीत, तलावाजवळच्या एका बंगल्याच्या आवारात. टेपची डबी त्यांच्या हातात होती. बंगल्याचा माळी नथू टेपची कडी धरून कुंपणाच्या कडेनं मागे मागे सरकत होता.

"जाऊ दे... जाऊ दे... अजून जाऊ दे... बस!" काळोख्यांनी डबीजवळचा आकडा वाचला आणि मग पाहुण्यांकडे वळले.

"लेझरचा जमाना आहे ना साहेब?" अमृतनं आपलं ज्ञान पाजळलं.

"उघड्यावर उन्हात लेझरचा ठिपका दिसत नाही हो. तिथे टेपच लागते." काळोखे ओशाळं हसले. "रेणुकालासुद्धा मीच शिकवलं हे. गुणी होती, पण आततायी. मी म्हटलं होतं, तिकडे एकटी जाऊ नकोस. ऐकेल तर शपथ!"

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" ताईंनी विचारलं.

"घरी. गुडघ्यांनी उच्छाद मांडलाय. पेठेची ती जागा मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेली नाही. पूर्वी अहवाल दिला तेव्हाही माणूसच पाठवला होता." त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. "हल्ली परीक्षा पास झाली की पोरांना वाटतं, सगळं आलं. आम्ही या मातीत जन्म काढला, त्याला कोण विचारतो?"

अमृतला त्यांची दया आली. अमृतला कुणाचीही दया येते, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या माणसाची असते.

पेठेला जायला पवनेच्या धरणाला वळसा पडतो. खाणीकडे जाणारा रस्ता चर खणून बंद केलेला, म्हणून गाडी अलीकडेच सोडावी लागली. जमीन विकत घेऊन तिथे रिसॉर्ट काढायला निघालेला पुण्याचा स्वराज पत्र्याच्या शेडमध्ये घामाघूम बसला होता.

"मॅडम, माझं काम अडकलंय, मी कशाला तिचं वाईट चिंतू? काळोख्यांच्या अहवालावर बँकेनं पहिलं कर्ज दिलं. आता पुढच्या कर्जाला त्यांना परीक्षा पास झालेल्या नोंदणीकृत माणसाचीच सही हवी. काळोखे बसले होते परीक्षेला, झाले नाहीत पास. म्हणून रेणुका मॅडम."

"मग त्यांनी सही का नाही केली?"

"म्हणाल्या, जागेवर मोजल्याशिवाय नाही. म्हटलं, मोजा बाई. मी त्या सकाळी हौशीराम आबांशी भांडलो आणि तडक पुण्याला गेलो."

हौशीराम घारे जमिनीचा मूळ मालक. म्हातारा, पण काटक.

"भांडान व्हनारच की! पान्याकडचा तुकडा धरनात गेल्याला, सरकारी हाय. इकतानाच म्या सांगितलतं. आन् ह्यो म्हनतो, अहवालात समदी जमीन धरलीया. पोरीला बी म्या त्योच तुकडा दावला. ती म्हनली, आबा, ह्यो वजा करावा लागंल, आन् बँकेला कळवावं बी लागंल."

आबांनी त्यांना एका जुन्या जांभळीखाली नेलं. "डबी हितं मुळीत अडकल्याली. टेप गवतातनं सरळ जाऊन कड्यावरनं खाली लोंबत व्हती."

"अमृत, इथून खाण दिसते का रे?"

अमृतनं टाचा उंचावल्या. "छे! कमरेएवढं गवत, आणि पलीकडे एकदम धरणाचं पाणी. मध्ये खाण आहे असं सांगूनही पटायचं नाही."

समोरच्या टेकाडावर धोंडाबाई शेळ्या चारत होत्या. पोलिसांना मिळालेल्या एकमेव साक्षीदार त्याच, आणि त्यांच्याच साक्षीनं अपघात पक्का ठरला होता.

"तिच्याजवळ कुनीबी न्हवतं बगा," धोंडाबाई म्हणाल्या. "देवाशपत. पोरगी येकटीच उलटी चालत व्हती गवतातनं. आन् येकदम दिसंनाशी झाली."

"उलटी? खाणीकडे पाठ करून?"

"व्हय. जांबळीकडं त्वांड."

"काही ऐकू आलं?"

"कुनी बाप्या वरडत व्हता, झाडापल्याड. दिसला न्हाई. 'जाऊ दे, जाऊ दे' म्हनत व्हता. मला वाटलं, भांडान मिटवतोय कुनाचं."

उतरताना अमृतला राहवेना. "ताई, झालं! भांडण. आबा आणि स्वराज पुन्हा भिडले, तिसरा कुणी 'जाऊ दे' म्हणत सोडवायला आला, आणि त्या गडबडीत पोरगी..."

"पोरीजवळ कुणीच नव्हतं, अमृत."

"मग राहिलाच अपघात," अमृत हिरमुसून म्हणाला.

 ताईंचा चेहरा असा उतरला होता, की अमृतनं परतीच्या वाटेवर रेडिओसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळीखाली सगळे जमले. फौजदार आले होते, स्वराज होता, आणि गाडीतून उतरून लंगडत काळोखेही आले. अपघात कसा घडला असेल यावर जाणत्या माणसाचं मत हवं, असा ताईंचा निरोप होता. जाणता म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

"पहिल्यांदाच पाहतोय जागा," ते फौजदारांना म्हणाले.

ताईंनी टेपची डबी स्वतःकडे ठेवली आणि कडी अमृतच्या हातात दिली. "माझ्याकडे तोंड करून मागे जात राहा. मी बस म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

मागे बघितल्याशिवाय मागे जायचं नाही, हा धडा अमृत रोज दहा जणांना शिकवतो. पण समोर ताई होत्या. टेप ताणलेली ठेवायची, ओळ चुकू द्यायची नाही, त्यांच्या डोळ्यांवरची नजर काढायची नाही.

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "जाऊ दे... जाऊ दे..."

गवत कमरेला घासत होतं. जांभळीखालची माणसं लहान होत गेली. ताई डावा हात किंचित हलवायच्या, तो तसा सरकायचा. आपण किती मागे आलो हे त्याला कळेना, आणि विचारावंसंही वाटेना. ताई सांगतीलच की.

"जाऊ दे... अजून जाऊ दे..."

"बस!" कुणीतरी किंचाळलं. "अहो, बस! थांबा!"

त्याच क्षणी गवतातून दोन हातांनी अमृतच्या कमरेला मिठी घातली. हौशीराम आबा कड्याच्या अलीकडे दबा धरून बसले होते. अमृतनं मान वळवली. दोन पावलांवर जमीन संपली होती. तो मटकन खाली बसला.

जांभळीखाली कुणीच हललं नव्हतं. काळोख्यांचा हात मात्र अजून हवेतच होता.

"काळोखे साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या, "इथून खाण दिसत नाही. स्वराज गप्प राहिले, फौजदार गप्प राहिले, कारण आबा तिथे बसलेत हे जसं त्यांना ठाऊक नव्हतं, तसा कडा नेमका किती पावलांवर आहे हेही ठाऊक नव्हतं. तुम्ही तर जागा आज प्रथम पाहताय. मग बस कुठे म्हणायचं ते तुम्हाला कसं कळलं?"

काळोख्यांनी हात झटकन खाली घेतला. "अंदाज. अनुभवाचा अंदाज."

"रेणुका एकटी मोजत होती म्हणता? एकटा माणूस कडी खुंटीला अडकवतो आणि डबी घेऊन चालतो, कारण आकडा डबीजवळ वाचायचा असतो. कडीजवळ काय वाचणार? शून्य! ती एकटी पडली असती तर डबी तिच्याबरोबर खाणीत गेली असती. पण कडी तिच्या बोटात आणि डबी इथे. म्हणजे डबी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती. धोंडाबाईंनी ऐकलेलं 'जाऊ दे' भांडण मिटवणाऱ्याचं नव्हतं, टेप सोडणाऱ्याचं होतं. तुंगार्लीत तुमच्याच तोंडून ऐकलं आम्ही."

"मग तो मीच कशावरून? स्वराज असेल, हा म्हातारा असेल!"

"आकडा वाचणं हे मूल्यांककाचं काम. आबा असते, स्वराज असते, तर तिनं कडी त्यांच्या हातात दिली असती आणि डबी आपल्याकडे ठेवली असती. नोंदणी झालेली बाई होती ती. तिच्या हातातली डबी मागून घेईल आणि ती मुकाट्यानं देईल, असा जगात एकच माणूस होता. तुम्ही न बघता सरकारी तुकड्याची किंमत लावलीत, त्यावर कर्ज निघालं. ती बँकेला कळवणार होती. तुम्ही आधी येऊन कडा हेरून ठेवलात, मग म्हणालात, चल, मी येतो मोजायला."



"मी तिला हातसुद्धा लावला नाही," काळोखे म्हणाले.

"नाही लावलात. गरजच पडली नाही."

फौजदारांनी त्यांच्या दंडाला धरलं. अमृत गवतात तसाच बसून होता. त्याला ताईंचा राग आला होता, आणि त्याहून जास्त, रेणुकाला शेवटी काय वाटलं असेल ते कळलं होतं म्हणून रडू येत होतं. तिला काहीच वाटलं नसणार. सर सांगतील तेव्हा थांबायचं, एवढंच.

संध्याकाळी दोघं भाज्याला गेली. शालनमावशी दारात तांदूळ निवडत होत्या. ताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"रेणुका कामात चुकली नाही मावशी. तिनं बरोबर मोजलं, बरोबर तेच कळवणार होती. तिनं फक्त सरांचा शब्द पाळला."

मावशींचा हात सुपात थांबला.

"सर म्हंजी बापाच्या ठिकानी," त्या म्हणाल्या. "ती कुरकुरायची कवा कवा, की सर चुकीचं सांगत्यात. म्या म्हनायची, त्यांच्या शबुदाबाहीर जाऊ नगंस. रोज म्हनायची. भाकरी बांदून देताना बी म्हनायची."

त्यांनी वर पाहिलं.

"म्हंजी चुकली ती मी."

 राजेश्वरीताई मावशींच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या आणि अंधार पडेपर्यंत तिथून उठल्या नाहीत.