गहिनीनाथच्या माडीवरचं जहाज

ज्वारीचं खळं राखायला त्या रात्री चार पोरं होती आणि रंभाजी आप्पा. पोरांनी मोबाईलवर कसलासा भुताचा व्हिडिओ लावला होता. आप्पांनी तो थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "बंद करा रं त्ये. नुसतंच किंचाळतंय. खरं जे असतं ना, त्ये किंचाळत न्हाई."

"आप्पा, तुमी पायलंय का खरं?"

"मी न्हाई. माझ्या मावसबहिणीच्या लेकीनं पायलंय. दीपानं. तिच्या तोंडून ऐकलंय मी, दिवसाउजेडी."

शेकोटीत एक धसकट सारून त्यांनी सांगायला सुरुवात केली, ती अशी.

दीपाचा नवरा सचिन फर्निचरचं काम करायचा. जामखेडपासून चौदा किलोमीटरवर त्याचं गाव. दीपा त्याच गावात अंगणवाडी सेविका. लग्नाला सहा वर्षं झालेली. माणूस हाताचा कसबी आणि स्वभावानं मऊ. काम संपलं की उरलेल्या फळकुटांचे ससे नि हत्ती करून अंगणवाडीतल्या पोरांना वाटायचा. बायकोवर आवाज चढवलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

दीपाचे वडील, आण्णा, शाळामास्तर. बाबासाहेबांच्या विचारानं चालणारं घर. लेक लहान असतानाच त्यांनी सांगून ठेवलेलं, भूतबित काही नसतं. जिथं भीती वाटेल तिथं सरळ जायचं आणि हात लावून बघायचं. तेव्हा सावलीला भिणाऱ्या बाईची ही गोष्ट नाही, एवढं ध्यानात ठेवा.

दोन हजार पंचवीस सालची सात फेब्रुवारी, शुक्रवार. अंगणवाडी बंद करून दीपा घरी आली आणि सचिनचा फोन आला.

"आगं, माझी पाणसळ बिघाडली. बुडबुडा थांबंना. माळ्यावरची जुनी घिऊन ये. अन् डबा बी आन."

पाणसळ म्हणजे ती पट्टी, जिच्या काचेच्या नळीत पाणी असतं. बुडबुडा मधोमध थांबला की फळी सरळ. दीपानं माळ्यावरची पट्टी पुसली, पिठलं-भाकरीचा डबा बांधला, सासूला, कलाबाईंना सांगितलं आणि स्कूटी काढली.

सचिनचं काम चाललं होतं कर्जत-जामखेड रस्त्यावर, गहिनीनाथच्या ढाब्यावर. खाली ढाबा, वर लॉज. चहूकडं माळ, बाभळी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं. अशा ठिकाणी या गहिनीनाथनं माडीवर जहाज आणून ठेवलं होतं.

खोटं वाटतंय? ऐका. गुजरातेत समुद्रकाठी म्हातारी जहाजं मोडतात. त्यातलं सामान लोक घेऊन जातात. कुणी खुर्च्या आणतो, कुणी भांडी. गहिनीनाथनं आणली अख्खी खोली. देशोदेशी फिरणाऱ्या क्रूझवर सगळ्यात वरच्या मजल्याला ज्या खोल्या असतात, त्यांना सूट म्हणतात. त्यातला माणूस पलंगावर लोळत समुद्र बघतो. उशाशी बटण असतं, ते दाबलं की पांढरे हातमोजे घातलेला नोकर दारात उभा. तसला एक सूट. पलंग, आरसा, गालिचा, भिंतींना लावायच्या चकचकीत फळ्या, बाल्कनीचं सरकतं काचेचं दार आणि बाल्कनीचा कठडासुद्धा. सगळं ट्रकातून आणलेलं. सचिननं महिनाभर खपून ते वरच्या खोलीत जसंच्या तसं बसवलं होतं.

"लग्नाची जोडपी फोटो काढाया रांग लावत्यात का न्हाई बघा," गहिनीनाथ सांगायचा.

दीपा वर आली तर सचिन पलंगाशी गुडघ्यावर बसलेला. त्यानं दुसरी पाणसळ पलंगाच्या चौकटीवर ठेवली. दोघंही वाकून बघायला लागले. बुडबुडा मधोमध आला. थांबला. मग हळूच डावीकडं गेला. परत मधे आला. उजवीकडं गेला…

"ही बी बिघाडली व्हय?" दीपा म्हणाली.

सचिननं पट्टी उचलून बाहेर, जिन्याच्या कट्ट्यावर ठेवली. तिथं बुडबुडा खिळल्यागत उभा.

"पलंगाला आजून समुद्राची सवय हाय," सचिन हसला. दीपाही हसली.

तेवढ्यात गहिनीनाथ चहा घेऊन आला. परवा, रविवारी उद्घाटन होतं. तो म्हणाला, "सचिन, म्हैनाभर राबलास. लग्नानंतर वयनीला कुठं नेलंस का? आज हितंच ऱ्हावा दोघं. पयले पाव्हने तुमीच."

सचिन नको म्हणत होता. पण दीपाच्या मनात भरलं. तिनं मोबाईलवर अशा जहाजांचे व्हिडिओ पाहिले होते. बाल्कनीत बसून न्याहारी करणारी माणसं, खाली निळं पाणी. आपण काही या जन्मात जात नाही, पण एक रात्र तर झोपू त्या पलंगावर. तिनं सासूला फोन केला. कलाबाई म्हणाल्या, "ऱ्हावा की. जनावरांचं मी बघते."

रात्री जेवण झाल्यावर दोघांनी पोरांसारखी मजा केली. कपाटात पांढरे, जाड, गुडघ्याखाली येणारे अंगरखे होते. जहाजावर अंघोळीनंतर घालतात तसले. सचिननं एक शर्ट-पँटवरच चढवला, पट्टा आवळला आणि साहेबागत येरझाऱ्या घातल्या. उशाशी बटण होतं, त्यावर तबक घेतलेल्या माणसाचं चित्र. वायर कुठंच जोडलेली नाही. दीपानं ते दाबलं आणि म्हणाली, "दोन चा आना, साखर कमी." हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकराच्या सुमारास तो तसाच अंगरखा घालून झोपला. तिनं दिवा मालवला.

दीपाला जाग आली ती पलंग हलतोय म्हणून.

भूकंप असेल, असं तिला वाटलं. मोबाईल बघितला. दोन वाजून बावन्न मिनिटं. हादरे नव्हते. पलंग संथ डुलत होता… एकीकडं कलायचा. थांबायचा. दुसरीकडं कलायचा. पडदे भिंतीपासून सुटून आत यायचे, परत भिंतीला जाऊन टेकायचे. वारा नव्हता.

शेजारी सचिन नव्हता.

तो आरशापुढं उभा होता. पाठमोरा. अंगरख्याचा पट्टा सोडत होता, बांधत होता. सोडत होता, बांधत होता.

"आवं…"

तो वळला. चालत आला. काहीतरी बोलला. आवाज सचिनचा, भाषा भलतीच. इंग्रजी नव्हे, हिंदी नव्हे. फार अदबीनं बोलला तो, काही विचारल्यासारखं. मग उत्तराची वाट बघत थांबला.

दीपा पलंगावर उठून बसली.

त्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला.

पोरांनो, थप्पड नाही. मूठ आवळून, मागं नेऊन, तोललेला ठोसा. तिचा ओठ दातावर फाटला. ती ओरडायच्या आत त्यानं केस धरले. पलंगावरून ओढली. आरशापाशी नेली. कपाळ आरशावर हाणलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काच तडकली. रक्त डोळ्यांत उतरलं. तरीही तो तेच अदबीनं विचारत होता… तोच प्रश्न.

तिनं चावा घेतला. लाथा घातल्या. हाताला सचिनची पहिली, बिघडलेली पाणसळ लागली, तीच त्याच्या कानफटात घातली. लोखंडी पट्टी, दोन फुटी. माणूस आडवा व्हायचा. हा हललासुद्धा नाही. त्यानं तिचा गळा धरला.

ती वडिलांची लेक होती. जीव चालला असतानाही तिनं त्या हाताला हात लावून बघितला. चाचपला. मनगट सचिनचं. रंध्यानं पडलेले घट्टे सचिनचे. पण गळ्यात काहीतरी रुतत होतं. अंगठी. जाड, चौकोनी खड्याची.

सचिन अंगठी घालत नव्हता. कधीच.

काचेचं दार आपोआप सरकलं, की त्यानं सरकवलं, ते तिला सांगता येत नाही. त्यानं तिला बाल्कनीत आणलं. कठड्यावर उताणी टाकली. पाय उचलले. ती कमरेपर्यंत बाहेर. डोकं खाली लोंबकळलेलं.

खाली ढाब्याचं अंगण पाहिजे होतं. सिमेंटचं. उभे ट्रक. ट्यूबलाईट.

काही नव्हतं.

काळं पाणी होतं. लांबपर्यंत. हलणारं. चंद्र मावळतीला टेकलेला, त्याचा पिवळा पट्टा त्या पाण्यावर…

आणि पाण्यातून एक हात वर आला.

बाईचा हात. तिच्या तोंडाजवळून वर गेला. गार… प्रेताला आंघोळ घालताना लागतं तसा गार. मग दुसरा. कुणीतरी दीपाला शिडीसारखं धरून वर चढत होतं. कोपर तिच्या छातीवर. गुडघा तिच्या पोटावर. ओले केस तिच्या तोंडावरून सरपटत गेले. कानाशी तोंड आलं. श्वास नव्हता. एवढ्या जवळ असून… श्वास नव्हता.

त्या हातांनी दीपाला काही केलं नाही.

त्यांनी त्याचा पट्टा धरला. दोन्ही हातांनी. आणि ओढला.

गळ्यावरची पकड सुटली. दीपा बाल्कनीत आत कोसळली. वर बघते तर तो कठड्यावर ओणवा झालेला. आणि त्याचं तोंड… त्या क्षणाला ते परत सचिनचं झालं होतं. झोपेतून उठलेल्या लेकरागत. त्यानं तिचं रक्ताळलेलं कपाळ पाहिलं.

"दीपे… काय झालं गं तुला?"

ती झेपावली. अंगरख्याची बाही हातात आली. तिनं ती दोन्ही मुठींत धरली. पाय कठड्याला लावून ओढलं. पट्टा सुटला. अंगरखा सरकला. मोकळी बाही तिच्या हातात राहिली.

खालून आवाज आला. पाण्यात पडल्याचा नव्हता. सिमेंटवर पडल्याचा होता.

मग सगळं… शांत. कठड्याखाली अंगण. ट्रक. ट्यूबलाईटभोवती किडे.

सचिन वाचला. खुब्याचं हाड गेलं, दोन्ही पाय तीन तीन ठिकाणी मोडले, पण वाचला. त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. दीपाच्या ओठाला पाच टाके, कपाळाला नऊ. तिचा भाऊ तुषार एमआयडीसीत कामाला, तो धावत आला. तिचं तोंड बघून त्याचा तोल गेला.

"केस कर त्याच्यावर," तो म्हणाला. "असलं झाकायचं नसतं, ताई. आण्णांनी तुला ह्यासाठी शिकवलं का?"

आता सांगा, काय बोलणार ती? भूत म्हणावं तर वडिलांची शिकवण पाण्यात. नवरा म्हणावं तर… हात नवऱ्याचाच होता की. पोलीस आले तेव्हा ती म्हणाली, "झोपेत चालायची सवय हाय त्यास्नी. वाचवाया गेले, आरशावर पडले." हवालदारानं तिच्या गळ्याकडं पाहिलं, पण लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सचिन शुद्धीवर आला. दीपा त्याच्या खाटेपाशी गेली. खरं बघायलाच गेली होती ती, डोळ्यांत काही लपलंय का ते. त्यानं तिला पाहिलं आणि हमसून रडायला लागला.

"कुनी मारलं तुला? नाव सांग. कुनी मारलं?"

दीपा त्याच्या उशाशी बसून राहिली. पुढं चार महिन्यांनी, घरी आल्यावर, तिला मारणारा हात आपलाच होता, हे त्यानं दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलं. त्या दिवसापासून तो कुबडी टेकत रात्री पडवीत जातो. एकटा झोपतो. आतून कडी घालायला तिला सांगतो. ती रोज नको म्हणते. तो रोज म्हणतो, "घाल. मला कडीचा आवाज ऐकू दे, मगच झोप येती." दोघांचा संसार नीट चाललाय. प्रेमही आहे. पण मधे ती कडी आहे.

गहिनीनाथनं तो सूट जाळला. पलंग, फळ्या, अंगरखे, सगळं माळावर नेऊन. काच नि कठडा भंगारात. लॉज मोडला, ढाबाही बंद पडला. तो आता कर्जतेत राहतो.

आप्पा थांबले. शेकोटी बसली होती. कुणी धसकट घातलं नाही.

"मंग… त्या जागेवर आता काय हाय, आप्पा?"

"काय न्हाई. मोकळं अंगण."

आप्पांनी काटकीनं राख उकरली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वाल्मिक हाय ना, शेरडं राखनारा. त्यो त्या रस्त्यानं कळप नेत न्हाई आता. शेरडं रस्ता सोडून अंगनात शिरत्यात. सचिन जिथं पडला ना, तेवढीच जागा… कोंडाळं करून चाटत्यात. वाल्मिकनं बोट लावून तोंडात घातलं. मीठ. त्यानं दोन घागरी पानी वतून जागा घासून काढली. दुसऱ्या दिवशी परत पांढरी."

"मंग काठीनं हाकलायची की त्यानं, आप्पा."

"काठीनं मारलं तरी हालत न्हाईत. शिमीट चाटून चाटून जिभा सोलत्यात. रगात गळतं… तरी चाटत्यात."