मुदत संपल्याचा दुसरा दिवस

शिवप्रियाचा हाताने लिहिलेला प्रबंध सकाळी आंघोळीच्या बंबात जळाला. विद्यापीठात द्यायला चार दिवस उरले होते आणि दुसरी प्रत नव्हती. तिचा फोन येताच धाराशिवहून गुप्तहेर गायत्रीताई मुरूमला आल्या, सोबत मदतनीस बिरू. बिरूला ते घर पाहताक्षणीच आवडलं नाही. सून शिवप्रिया रडत होती आणि बाकीच्यांचं रोजचं चाललं होतं.

बंबाखाली एक अर्धवट पान सापडलं. कोपऱ्यावर पांढरं बोट उमटलेलं.

"राखेचा डाग," बिरू म्हणाला.

"बंबाची राख करडी असते, खरखरीत. ही बघ किती मऊ," ताई म्हणाल्या.

फळीवर शिवप्रियाच्या एकसारख्या बारा वह्या असायच्या. प्रबंधाच्या पाच गेल्या. गाण्यांच्या सात जागच्या जागी होत्या.

"विषय काय होता?" ताईंनी विचारलं.

"दोन महायुद्धांमधले ज्यू. जर्मनीच्या अप्पर सायलेशिया भागात त्यांना नोकरीवरून काढलं, तेव्हा एकानं राष्ट्रसंघाकडं अर्ज केला. अल्पसंख्याकांचा करार होता, म्हणून जर्मन सरकारला माघार घ्यावी लागली. पण कराराची मुदत पंधराच वर्षं. सदतीसच्या जुलैत ती संपली, अन् सगळे जुलमी कायदे लागू झाले."

"आणि तुम्हाला इथं कुणी शिकू दिलं?"

"मामंजींनीच. लग्नाच्या यादीत लिहून दिलं होतं, तीन वर्षं शिकू देईन म्हणून. काल संपली."

नवरा विरेश जांभया देत आला. कपाळ कोरं. "पहाटं कारखान्यातनं आलो अन् झोपलो. विभूती लावायचं बी कवाच सोडलंय म्या."

सासू नागम्मांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मांडीवर कन्नड पोथी. "माजी शाळा कर्नाटकात, आळंदला झाली. मराठी वाचता येत न्हाय." मग एकदम म्हणाल्या, "म्याच जाळलं. लिवून घ्या."

सासरे शंभुलिंगअप्पा नुकतेच पूजेवरून उठले होते, कपाळावर ताजी विभूती. "पोरीच्या वह्यांना मी हात लावत न्हाय."

"झालं की, ताई! सासूनं कबूल केलं," बिरू खूश झाला.

ताईंनी सगळ्यांना बसवलं. "बारा सारख्या वह्यांतून नेमक्या पाच काढायला मराठी वाचता यावं लागतं. नागम्मांना येत नाही. त्या कुणाला तरी पाठीशी घालतायत. पानावरचं बोट मऊ भस्माचं, विभूतीचं आहे, आणि विरेश ती लावत नाही. मराठी वाचणारा आणि विभूती लावणारा या घरात एकच माणूस आहे. हे पान कराराच्या शेवटाचं आहे. अप्पा, तुम्ही नुसतं जाळलं नाहीत. आधी वाचलंत, मग आजच्या दिवसापर्यंत थांबलात."

अप्पांनी मान खालीसुद्धा घातली नाही. "शब्द मोडला न्हाय म्या. मुदतीत एक पान जाळलं का? थांबायचं कसं, ते तिच्याच वहीत शिकलो."

बिरूला त्यांचा गळा धरावासा वाटला.

शिवप्रियानं अप्पांकडे बघितलं. "मग त्या लोकांचं पुढं काय झालं, तेबी वाचलंत ना?"

"वाचलं की. कुणी आलं न्हाय त्यांच्यासाठी," अप्पा म्हणाले. "जा, पाव्हण्यांना चहा टाक."

विरेश खाली बघत बसला. शिवप्रिया उठली आणि आत गेली.