सुईणीच्या घरासमोर

उद्या संध्याकाळी तुम्ही पोरं जुन्या शहरातल्या गल्ल्या बघायला निघालाय ना, म्हणून आज सांगतो. आधी ऐका, मग कुणाबरोबर जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ही काही इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. पोपट म्हणायचे त्याला सगळे. नाकावरून नव्हे हं, तोंडावरून. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा त्याला गप्प बसवत नसे. अशा माणसाने मोठेपणी गाईड व्हावं यात नवल ते काय!

जन्म त्याच गल्ल्यांतला. कुलूपवाल्यांची आळी, पुस्तकबांधणीवाल्यांचा बोळ, वर दोन्ही बाजूंची घरं कपाळाला कपाळ टेकून उभी, खाली हातगाडी आली की माणसाने कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहायचं. परगावचे लोक यायचे, हा त्यांना संध्याकाळी फिरवायचा. कुठल्या दगडावर दोरीचे चर पडलेत, कुठल्या खिडकीतून पूर्वी बर्फ विकायचे, सगळं हाताच्या बोटांवर. पण फेरीचा खरा जीव होता शेवटी. जाळी मारलेली जुनी विहीर आणि तिच्या समोरचं कुलूपबंद घर.

ते घर एका सुईणीचं. मरून कितीतरी वर्षं झाली तिला. पोपट तिथे आला की आवाज खाली आणायचा. सांगायचा की साथीच्या वर्षी गल्ली रिकामी झाली, आजारी पोरं या बाईच्या हवाली करून लोक पळाले, आणि ही बया रोज रात्री एकेक पोर उचलून या विहिरीत टाकायची. मग खिशातून एक खडा काढून जाळीतून सोडायचा. डुबुक! बायका एकमेकींचे हात धरायच्या. त्या एका डुबुकवर पोपटाचं नाव झालं होतं. लोक फोनवर चित्रण करायचे, ते गावभर फिरायचं. बघता बघता दुसरे गाईडही तीच गोष्ट सांगायला लागले.

चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, पोपट फेरीआधी आपलं जाकीट आणायला गेला. खिसा उसवला होता, तो शिवायला टाकला होता. शिवणारी बाई त्याच गल्लीतली, विहिरीपासून चौथं-पाचवं दार. मशीनवर दिवसभर वाकून मान कायमची पुढे आलेली. ती त्या सुईणीची पणती. हे पोपटाला ठाऊक होतं, पण त्याचा त्याने कधी फार विचार केला नव्हता.

बाईने जाकीट पुढे केलं. घडी तशीच हातात धरून म्हणाली की एक विनंती आहे. तिची मुलगी सातवीत. वर्गात कुणीतरी ते चित्रण दाखवलं होतं. तेव्हापासून मुलगी डबा खायला बसली की शेजारच्या पोरी आपापल्या पाण्याच्या बाटल्या झाकून घेतात. आठवडाभर ती शाळेत गेली नव्हती.

पोपटाने हसून वेळ मारून नेली. "अहो ताई, गोष्ट आहे ती. मी कुठे कुणाचं नाव घेतो?"

"नाव घेत नाही," बाई म्हणाली, "पण घराकडे बोट दाखवता ना?"

 पोपट जाकीट घेऊन त्याच्या बाहीत हात घालत राहिला. मग बाईने दुसरा प्रश्न विचारला. तिच्या घरातले जुने लोक लवकर गेले होते, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. "तुमची आजी त्या वेळी इथेच होती म्हणतात. खरं काय झालं होतं, तुम्हाला माहीत आहे का?"

आता ऐका. पोपटाला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तोंडपाठ होतं. त्याची आजी त्या साथीत पाच-सहा वर्षांची होती आणि त्याच घरात होती. आई-बाप तिला सोडून गेले होते. सुईणीने तिला आणि आणखी पोरांना आपल्या घरात निजवलं, रात्र-रात्र जागून तापलेली अंगं पुसली, ओले कपडे बदलले, उन्हात वाळवलेल्या गोधड्या घातल्या. आजी वाचली. बाकीची पोरं दगावली. ती गेली तेव्हा सुईण भिंतीकडे तोंड करून बसून राहिली होती, हे आजी म्हातारपणीसुद्धा सांगायची. सुरुवातीला पोपट हीच गोष्ट सांगायचा. पण लोक जांभया द्यायचे, फोन बघायचे. मग एका संध्याकाळी त्याने विहीर आत आणली. लोक जागे झाले.

"नाही हो," तो बाईला म्हणाला. "आजी काही बोलली नाही कधी."

आणि जाकिटाची बटणं लावत बाहेर पडला. मला सांगताना तो म्हणाला होता, त्या दोन पायऱ्या उतरताना कान इतके तापले होते की वाटलं, बाईला मागून दिसत असतील.

त्या दिवशी दहा-बाराजण होते. एक नवं जोडपं, ऑफिसातल्या काही मुली, काठी टेकत चालणारे एक निवृत्त डॉक्टर. पाऊस जाऊन महिना उलटलेला, बोळ खडखडीत कोरडे. कुलूपवाल्यांनी दुकानं ओढून घेतली होती, हवेत लोखंडाच्या किसाचा वास. साडेसातच्या सुमारास मंडळी विहिरीपाशी आली. चंद्र नव्हता. कोपऱ्यावरचा दिवा गेलेला.

पोपटाच्या मनात एकदा येऊन गेलं की आज गाळावी. पण डॉक्टर म्हणाले, "ती विहिरीची गोष्ट तुमचीच ना? तीच ऐकायला आलोय." सगळ्यांनी फोन वर धरले. झालं. तोंड आपोआप सुरू झालं. बोट आपोआप त्या घराकडे गेलं.

शेवटी त्याने खडा सोडला.

आवाज आला नाही.

सगळे कान देऊन उभे. पोपटाने घसा खाकरला, दुसरा खडा सोडला. तोही गेला... आणि नुसता गेला. कुणीतरी खुसखुसलं. पोपट म्हणाला की आटली असेल यंदा. पण मागच्याच शनिवारी डुबुक झालं होतं.

तिथून बाहेर पडायला एक बोळ आहे. इतका अरुंद की एकामागे एक जावं लागतं, जाड्या माणसाला तर तिरकं व्हावं लागतं. पोपटाची पद्धत अशी की तो मागे थांबायचा, विजेरीचा उजेड बोळात टाकायचा आणि एकेकाला पुढे सोडायचा. जोडपं गेलं. मुली गेल्या. डॉक्टर काठी टकटक वाजवत गेले. शेवटचा माणूस गेला, तसा पोपट त्याच्यामागे वळला.

मागून पावलं आली.

पच्.

पच्... पच्.

अनवाणी. ओली. आणि लहान.

पोपटाने विजेरी फिरवली. एक बाई उभी होती. साधा कपडा, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, बाह्या कोपरापर्यंत वर दुमडलेल्या, कामातून उठून आल्यासारखी. कडेवर एक तान्हं. तिच्या कपड्याची टोकं धरून पोरं. एकामागे एक... उजेड जाईल तिथवर.

बाई कोरडी होती. पोरं निथळत होती.

केसांतून, बोटांतून, कानाच्या पाळ्यांवरून पाणी. खाली दगडावर ठिबक ठिबक. एकही रडत नव्हतं. नुसते दात वाजत होते. सगळ्यांचे. एकदम.

पोपटाला पळता येईना. 

"तू तिचा नातू ना?" बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, पोपट म्हणायचा. "डोळे तिचेच आहेत."

बाई पोरांकडे वळली.

"ती वाचली. ही नाही वाचली." तिने एका पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. हात ओला झाला. "पण कोरड्या अंथरुणात गेली रे. मी पुसून निजवलं होतं एकेकाला. आता तू रोज यांना पाण्यात टाकतोस."

...

"थंडी वाजते यांना."

पोपटाने जाकीट काढलं. का ते त्याला कळलं नाही. गुडघ्यावर बसला आणि सगळ्यात पुढच्या पोराचं डोकं पुसायला लागला. तीन-चार वर्षांचं असेल. पुसलं की पुन्हा ओलं. मान पुसली. पुन्हा ओली. जाकीट पिळलं, पुन्हा पुसलं. हात गारठून गेले. त्या पोराने त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले. आंघोळ झाल्यावर लेकरं करतात ना, आता कोरडं घाला म्हणून. तसे.

घालायला काही नव्हतं त्याच्याकडे.

तो मान खाली घालून बसला. वर बघवेना. किती वेळ, कोण जाणे. बोळाच्या त्या टोकावरून हाक आली, "अहो गाईड, येताय ना?" त्याने मान उचलली तेव्हा समोर कुणी नव्हतं. दगड कोरडे. गल्ली कोरडी.

जाकीट मात्र हातात चिंब.

बाहेर डॉक्टरांनी विचारलं, कुठे भिजलात? आता इथे तरी खरं बोलावं की नाही माणसाने? पण जीभ सवयीची गुलाम. नळ फुटलाय मागे, असं सांगून तो मोकळा झाला. नंतर मला म्हणाला, "भीती तर वाटलीच रे. पण भीती दोन दिवसांत उतरली. ते नळाचं वाक्य अजून उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिवणाऱ्या बाईच्या दारात जाऊन उभा राहिला. ओलं जाकीट काखेत. बसा म्हटलं तरी बसला नाही. उभ्या उभ्या आजीचं सगळं सांगितलं. काल तुम्हाला खोटं बोललो, हेही सांगितलं. विहीर मी घातली, हेही. बोळातलं मात्र सांगितलं नाही. ते सांगून दया मागितल्यासारखं झालं असतं, असं त्याचं म्हणणं. बाईने मशीन थांबवलं नव्हतं. शिवण पूर्ण झाली, तेव्हा तिने दोरा तोडला.

"हे मला एकटीला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिथे बोट दाखवता तिथे उभं राहून सांगा. आम्ही येऊ."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजतागायत म्हणालेली नाही.

पुढच्या शनिवारी ती मुलीला घेऊन आली आणि मंडळींच्या मागे उभी राहिली. पोपटाने घराकडे बोट दाखवलं आणि खरं ते सांगितलं. आजवर मी इथे उभा राहून खोटं सांगत होतो, या बाईंच्या पणजीच्या नावाला मी काळं फासलं, हे सगळ्यांदेखत म्हणाला. इतका बोलणारा माणूस, पण त्या दिवशी शब्द खड्यांसारखे अडखळत निघत होते. खिशातला खडा खिशातच राहिला. काहीजणांनी फोन खाली केले. एकाने तर तोंडावर सांगितलं की आम्ही पाण्याची गोष्ट ऐकून आलो होतो, दुसरा गाईड छान सांगतो म्हणे. पोपटाने ऐकून घेतलं; बाकीचे गाईड अजून तीच गोष्ट सांगत होते. परत जाताना मुलगी मंडळींच्या मागे नाही, पुढे चालत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तीच मुलगी पोपटाच्या घरी धावत आली आणि त्याला घेऊन गेली. सुईणीच्या घरासमोर तिची आई वर बघत उभी होती. दाराचं कुलूप जागेवर होतं, गंजून दगड झालेलं. कोळ्याची जाळीसुद्धा मोडलेली नव्हती. पण वरच्या सज्जात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक दोरी बांधलेली होती. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत घातले होते. झबली, अंगरखे, टोपडी. बाईने आयुष्यभर कपडे शिवले, पण ती शिवण तिच्या ओळखीची नव्हती.

उन्हाने सगळे कपडे वाळून कडक झाले होते.

टोकाचं एक झबलं तेवढं ओलं होतं. त्याच्यातून थेंब गळत होता... खालच्या दगडावर... ठिबक... ठिबक.