विजय मुहूर्ताचं बटण

सकाळपर्यंत ठणठणीत असलेले राज्यातले एकशेवीस संगणक दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी एकाच वेळी कसे अडकले? हे कोडं मला सुटलं तेव्हा बरं वाटण्याऐवजी मोठ्या माणसांचा भयंकर राग आला.

तो २०६८ सालचा दसरा होता. आंबेघळच्या औषध-ड्रोन केंद्राचा प्रमुख म्हणजे माझा श्रीपादमामा. सुट्टी असल्याने मी केंद्रातच होते. संगणकाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, पेढे झाले. मग मामाने घड्याळ बघून 'नवी कार्यप्रणाली बसवा' हे बटण दाबलं. (कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची सगळी कामं चालवणारी मूळ आज्ञावली.) मुख्यालयाने कळवलं होतं की आठवडाभरात सोयीच्या वेळी हे बटण दाबा. मामाची सोय म्हणजे विजय मुहूर्त!

काम एक्केचाळीस टक्क्यांवर थांबलं. मिनिटभराने पडद्यावर आलं, 'परवानगी मिळाली नाही.' मामाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"जुनी प्रणाली परत आण ना," मी म्हटलं.

"त्यालाही परवानगी लागते, नव्या!" मामा करवादला.

केंद्रातल्या यंत्रमानवाचं नाव निवांत. तो म्हणाला, "हा संगणक व्यवस्थापित आहे. (म्हणजे कुठे काय बसवायचं, हे मुख्यालय ठरवतं.) म्हणून वापरणाऱ्याने बटण दाबलं, तरी मुख्यालयाचा द्वारपाल संगणक आधी ओळख तपासतो आणि मग परवानगी देतो. पुन्हा प्रयत्न करावा काय?"

हा प्रश्न त्याने पुढच्या पंधरा मिनिटांत चौदा वेळा विचारला. मला त्याचं बटणच बंद करावंसं वाटलं.

दोन पंचवीसला फोन आला. टेकपाड्याच्या चिंधू आजोबांना आपट्याची पानं तोडताना नाग चावला होता. तिथल्या परिचारिका सुमित्राताईंकडे सर्पदंशाची लस संपली होती. आमच्याकडे होती. मामाने लगेच जीप पाठवली, पण घाटातून जीपला अडीच तास लागतात. ड्रोनला अठरा मिनिटं. आणि ड्रोनला वाट दाखवणारा संगणक माळ घालून ढिम्म बसला होता!

मामाने बिनतारी यंत्रावर इतर केंद्रांना हाक मारली. "आमचंही एक्केचाळीसवर अडकलंय हो!" चहूकडून आवाज आले. सगळ्यांनी मुहूर्त साधला होता. मुख्यालयाला वाटलं होतं, लोक आठवडाभरात आपापल्या वेळी बटण दाबतील. वाटलं होतं म्हणे!

मी कान देऊन ऐकत होते. दर मिनिटाला सगळी केंद्रं एकदम वैतागायची आणि मग एकदम गप्प व्हायची.

"निवांत, द्वारपाल एका मिनिटात किती जणांना परवानगी देतो?"

"साधारण वीस. एकशेवीस जणांनी एकदम विचारलं, तर सगळ्यांची ओळख तपासता तपासता मिनिट संपतं आणि सगळ्यांचीच विनंती रद्द होते."

"आणि मग सगळे पुन्हा एकदमच दाबतात! वर्गात सगळे एकदम ओरडले तर बाईंना कुणाचंच ऐकू येत नाही. इतकं साधं कळत नाही तुम्हाला?"

मामाने बिनतारी यंत्र उचललं. "सगळे थांबा. आमच्याकडे सर्पदंश आहे, आधी आम्ही."

"आमच्याकडे बाळंतिणीसाठी रक्ताची पिशवी अडकलीय," एक बाई म्हणाल्या. तिसरीकडे आणखी कुणी रुग्ण औषधासाठी खोळंबला होता. आधी कोण, यावरून भांडण जुंपलं आणि भांडता भांडता सगळ्यांनी पुन्हा बटणं दाबली.

मी मामाच्या हातातून यंत्र ओढून घेतलं. "फासा टाका!" मी ओरडले. "प्रत्येक केंद्राने वेगळा. जितके पडतील, तितकी मिनिटं बटणाला हात लावायचा नाही!"

निवांत पहिल्यांदाच कामाचं बोलला. "एकशेवीस केंद्रं सहा मिनिटांत विभागली, तर मिनिटाला सरासरी वीस येतील. कधी थोडी जास्त येतील. जी राहतील, त्यांनी पुन्हा फासा टाकायचा. प्रत्येक केंद्रातला यंत्रमानव आकडा काढू शकतो." (अशा आकड्याला यादृच्छिक म्हणतात, म्हणजे कुणीही न ठरवलेला.)

दोन पन्नासला निवांतने आमचा आकडा सांगितला. सहा.

"पुन्हा काढ," मामा म्हणाला.

"नाही!" मी म्हटलं. "प्रत्येकाने असंच केलं तर?"

मामा स्वतःचेच हात मांडीखाली दाबून बसला. ती सहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तिसऱ्या मिनिटाला त्या बाईंचा आवाज आला, "झालं हो आमचं!" मला आनंद झाला आणि रडूही आलं.

सहाव्या मिनिटाला मामाने बटण दाबलं. एक्केचाळीस. बेचाळीस. तीन वाजता ड्रोन उडाला.

पावणेचारला सुमित्राताईंचा फोन आला. "लस दिली. श्वास सुधारतोय. अजून अर्धा तास गेला असता, तर मी काही सांगू शकले नसते."

मामाने घड्याळाकडे पाहिलं. नाग चावल्याचा फोन आल्यापासून बरोबर पंचवीस मिनिटं आम्ही नुसतं बटण दाबण्यात आणि भांडण्यात घालवली होती. त्याने कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी मुख्यालयाला लिहिलं: माणसं सणाच्या दिवशी एकदमच बटण दाबणार. तेव्हा फासा बटणातच घाला.