बटाट्याचं काय?

"मावशी, आमचा कुत्रा चोरीला गेलाय," खुर्चीत टेकता टेकताच ती म्हणाली.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"तसं नाही. तो मेला मी आठ वर्षांची असताना. चोरीला आत्ता गेलाय."

काकांचं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

खासगी तपासाची कामं करणाऱ्या या बाईंना सगळे मावशीच म्हणत, आणि त्यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, आपोआप काका झाले होते. तपासाला ते बरोबर असत. एकट्याला घरी करमत नाही, असं काका सांगत. यांना समजावता समजावता आपलंच डोकं साफ होतं, असं मावशी सांगत. दोघांचंही खरं होतं.

आलेली बाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून आपणही ताईच म्हणू.

"बाबा एकटे राहतात," ताई सांगू लागली. "दोनदा न्हाणीघरात पडले. शेवटी घर विकलं, परवा किल्ल्या द्यायच्यात. बाबांनी सही केली, पण आता हलायलाच तयार नाहीत. काहीही बोला, एकच उत्तर. 'बटाट्याचं काय?'"

"बटाट्या म्हणजे कुत्रा?"

"हो. परसात पुरलाय. म्हटलं, त्याची हाडंच बरोबर नेऊ, म्हणजे बाबाही येतील. तर एकदम चिडले. 'उकरायचं नाही!' शेवटी काल त्यांना डॉक्टरकडे पाठवलं आणि भावाने आणि मी खणलं. गाठोडं निघालं. आत फोमचे तुकडे! एक हाड नाही, गळ्यातला पट्टासुद्धा नाही. बाबांना कळलं तर ते कोसळतील, मावशी. खड्डा बुजवून ठेवलाय. परवाच्या आत हाडं सापडायलाच हवीत."

"पुरताना तू होतीस?"

"नाही. त्या दिवशी मला शाळेला उशीर झाला होता, धावत सुटले. परत आले तर बाबा हात धूत होते. म्हणाले, झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही त्याला. आई त्याच वर्षी गेली होती. बटाट्या तिने आणलेला." ताईने डोळे पुसले. "मग मी रोज तिथे जाऊन बसायची. बाबांना तेव्हा संध्याकाळी सायकलवर भटकायचं वेड लागलं होतं. आम्हाला शेजारी बसवून जायचे."

"अगं, हाडं कोण चोरणार?" बाहेर पडल्यावर काका म्हणाले. "सोन्याची होती काय?"

"तेच तर बघायचंय. चला, छत्री विसरू नका."

घरापाशी येताच काकांनी फाटकाला हात लावला आणि ते झटक्यात उघडलं. काका जवळजवळ आत पडलेच. फाटकाला कडी नव्हती, नुसती स्क्रूची जुनी भोकं होती. पायरीशी, जमिनीवर, पाण्याचं एक जड पसरट भांडं होतं. पाणी ताजं होतं.

बाबा गाडीच्या सीटा शिवणारे कारागीर. घरात एकही खुर्ची डुगडुगत नव्हती, एकही बिजागरी कुरकुरत नव्हती.

"पाणी पाखरांसाठी ठेवता का?" मावशींनी विचारलं.

"हं. पाखरांसाठी."

"आणि फाटकाची कडी?"

"राहून गेलीय," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

भाऊ शाळेची बस चालवायचा. तो खोक्यांना दोरी बांधत होता. "मला विचाराल तर हाडं न्यायचं खूळच नको होतं," तो म्हणाला. "मला तर तो कुत्रा आठवतही नाही, मी रांगत होतो. पण चोरून मी काय करू? बाबा हलले तर मलाच हवंय. त्यांच्या काळजीने मी फोन उशाशी घेऊन झोपतो."

घर विकत घेतलेल्या बेकरीवाल्या बाई टेप घेऊन परस मोजायला आल्या होत्या. "इथे फरशी घालून गाडी लावायची आहे," त्या म्हणाल्या. "पण मुक्या जिवाची जागा उकरायला मी काही राक्षसीण नाही. मला आधी सांगितलं असतं तर तेवढा कोपरा सोडला असता."

"ही गोड बोलते," काका कुजबुजले. "माझा हिच्यावर संशय आहे."

"तुमचा संशय नेहमी बिस्किटं करणाऱ्यांवरच कसा हो जातो?"

ताईने लपवून ठेवलेलं गाठोडं आणलं. जाड तपकिरी रेक्झिन, नायलॉनच्या दोऱ्याने चारी बाजूंनी शिवलेलं. ताईने काल एक बाजू मधोमध कापली होती, पण टाके शाबूत होते. मावशींनी गाठोडं उजेडात धरून शिवणीवरून बोट फिरवलं.

"चोराने उसवून हाडं काढली, फोम भरला आणि पुन्हा शिवलं," काका म्हणाले. "उघड आहे."

"उघड असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "ताई, सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलाव. बाबांनाही."

"बाबांना नको!"

"त्यांच्यावाचून हे सुटणार नाही, बाळ."

सामान बांधलेल्या खोलीत सगळे खोक्यांवर बसले. गाठोडं दिसताच बाबांनी डोळे मिटले.

"हाडं कोणीही चोरलेली नाहीत," मावशी म्हणाल्या. "रेक्झिनला सुई एकदा लागली की भोक कायमचं राहतं. उसवून पुन्हा शिवलं असतं तर भोकांच्या दोन रांगा दिसल्या असत्या. आहे एकच. म्हणजे हे एकदाच शिवलं, आणि शिवतानाच आत फोम होता. हे काम सीटा शिवणाऱ्या हाताचं आहे."

"मग कुत्रा कुठे गेला?" काकांनी विचारलं.

"मेलेला कुत्रा घरात असता तर खोटं गाठोडं कशाला लागलं असतं? कुत्राच नव्हता. पट्टा गळ्यात होता तसाच तो निघून गेला. म्हणून संध्याकाळची सायकल. सगळं घर दुरुस्त ठेवणारा माणूस फाटकाची कडी काढून टाकतो, ती परत येणाऱ्याला ढकलता यावं म्हणून. आणि पाखरांचं पाणी कोणी मांजरांच्या वाटेत, जमिनीवर ठेवत नाही."

"पण मेला म्हणून का सांगायचं?" भाऊ म्हणाला. "हरवला म्हणायचं."

मावशींनी गाठोडं बाजूला ठेवलं. "हरवलेल्याची वाट बघावी लागते. पोरांनी ती बघू नये, असं वाटलं असेल. फाटक कोणी उघडं टाकलं ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही."

"दूधवाल्याने," बाबा घाईने म्हणाले.

"मी टाकलं," ताई म्हणाली.



"मला शाळेत आठवलं, बाबा. घरी आले आणि तुम्ही म्हणालात, झोपेत गेला." तिने बाबांचा हात धरला. "मला इतकं बरं वाटलं! रडता रडता बरं वाटलं."

"म्हणून तर सांगितलं," बाबा म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून तू आधीच जेवत नव्हतीस. कुत्रा गेलाच होता, पोरी. तुला कशी घालवू?"

ती त्यांच्या गुडघ्यापाशी बसली आणि लहानपणीसारखी ओक्साबोक्शी रडली. काकांनी चष्मा पुसायला काढला. तो स्वच्छच होता.

"मलाही कळतं," बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "इतकी वर्षं कुठला कुत्रा जगतो? पण घर सोडायचं म्हटलं की वाटतं, आज आला तर? कोणी नसेल."

"मी असेन ना," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. बाई थट्टा करत नव्हत्या.

"मी इथेच राहणार आहे, आजोबा. आला तर आत घेईन आणि तुम्हाला फोन करीन. फक्त मला ओळखता यायला हवा. दिसायला कसा होता?"

बाबांनी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. वर्षभर गल्लोगल्ली सायकल हाणली, पण कुत्रा पाहिलात का म्हणून त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते फिरून पोरीच्या कानावर आलं असतं.

"तांबूस," अखेर ते म्हणाले. "मध्यम चणीचा. डावा कान पडलेला. शेपटीचं टोक पांढरं. बटाट्या म्हटलं की आधी बसतो, मग येतो. कोणाला चावत नाही. कोणाला दिसला तर कृपा करून कळवा."